क्रिएटिन आणि निरोगी वार्धक्य : दाव्यांची व पुराव्यांची चिकित्सा

प्रास्ताविक

क्रिएटिन हा शब्द काही वर्षांपूर्वीपर्यंत महाविद्यालयाच्या परिसरात व्यायामशाळेत जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्याच तोंडी असे. आता तो प्राध्यापक कक्षातही ऐकू येतो. निवृत्ती जवळ आलेले आणि घरी वृद्ध आईवडिलांची काळजी वाहणारे सहकारी परस्परांना विचारतात की, हे चूर्ण म्हातारपणी घेतल्यास स्नायू टिकतात, हाडे मजबूत राहतात आणि स्मरणशक्ती कमी होत नाही, हे खरे काय? प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर मात्र ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. ज्या संशोधनाच्या आधारे हे दावे केले जातात त्या संशोधनाचे निष्कर्ष सशर्त आहेत आणि जाहिरातीतील आश्वासने बिनशर्त आहेत.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, वृद्धापकाळातील क्रिएटिनसंबंधीचा भक्कम पुरावा हा ‘ताकदीच्या व्यायामाला पूरक’ या मर्यादित भूमिकेचा आहे. प्रयोगशाळेतून बाजारात येताना त्यातील व्यायामाची अट गळून पडते. पुढे स्नायूंविषयीचा निष्कर्ष हाडांना लावला जातो आणि हाडांवरून तो मेंदूपर्यंत नेला जातो. प्रत्येक टप्प्यावर पुरावा विरळ होतो, आश्वासन मात्र मोठे होत जाते. या प्रवासाची क्रमवार तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे. क्रिएटिनची बाजू घेणे किंवा त्याला विरोध करणे हा हेतू नाही.

मांसाच्या अर्कापासून डब्यातील चुर्णापर्यंत

क्रिएटिनचा इतिहास रसायनशास्त्राचा जितका आहे तितकाच बाजाराचाही आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी १८३२ मध्ये मांसातून हा पदार्थ वेगळा केला आणि मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४७ मध्ये असे नोंदविले की, शिकारीत धावून दमलेल्या रानटी कोल्ह्याच्या स्नायूंत पाळीव कोल्ह्याच्या तुलनेने कितीतरी अधिक क्रिएटिन आढळते. स्नायूंचे श्रम आणि हा पदार्थ यांचा संबंध असावा, हे त्यांचे अनुमान पुढे योग्य ठरले.

याच लीबिग यांच्या नावाने १८६५ मध्ये मांसाचा अर्क विकणारी कंपनी उभी राहिली. तिचा कारखाना उरुग्वेतील फ्रे बेंतोस येथे होता. मोठ्या प्रमाणातील मांस आटवून अल्प अर्क काढला जाई आणि त्यात मांसाचे सारे बळ उतरले आहे, अशी प्रसिद्धी केली जाई. अर्कात क्रिएटिन होते, परंतु प्रथिने आणि मेद जवळजवळ नव्हते. त्यामुळे हा अर्क अन्नाची जागा घेऊ शकत नाही, अशी टीका समकालीन शास्त्रज्ञांनीच केली. कालांतराने त्याची ओळख पोषक अन्न म्हणून न राहता स्वयंपाकाला चव देणारा पदार्थ म्हणून राहिली. एका घटकाविषयीचे खरे निरीक्षण आणि त्या बळावर संपूर्ण पोषणाचा दावा, ही आजही दिसणारी सरमिसळ दीडशे वर्षांपूर्वीची आहे.

या इतिहासात एक भारतीय नावही आहे. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हार्वर्ड येथे सायरस फिस्के यांच्यासमवेत काम करताना १९२७ मध्ये स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिनचा शोध प्रसिद्ध केला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एगल्टन दांपत्यही स्वतंत्रपणे याच पदार्थापर्यंत पोहोचले होते. पुढे सुब्बाराव यांचे नाव औषधनिर्मितीच्या क्षेत्रात मोठे झाले. परंतु स्नायूंच्या ऊर्जाविज्ञानाच्या पायाभरणीतही त्यांचा वाटा आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते.

शरीरातील कार्य

पेशीला लागणारी ऊर्जा एटीपी या रेणूच्या विघटनातून मिळते. स्नायूंतील एटीपीचा साठा जोराच्या श्रमात दोन-तीन सेकंदच पुरेल इतका असतो. त्या वेळी फॉस्फोक्रिएटिन आपला फॉस्फेट गट देऊन एटीपी पुन्हा तयार करते. हा राखीव साठा सुमारे दहा सेकंदांच्या तीव्र श्रमाला उपयोगी पडतो. जिना चढणे, खुर्चीतून उठणे, तोल जाताना स्वतःला सावरणे या क्रिया अशाच अल्पकाळ जोर मागणाऱ्या आहेत. त्यामुळे या रसायनाचा वार्धक्याशी संबंध जोडणे मुळात अवास्तव नाही.

सुमारे ७० किलो वजनाच्या प्रौढ व्यक्तीच्या शरीरात १२० ते १४० ग्रॅम क्रिएटिन असते आणि त्यातील सुमारे ९५ टक्के स्नायूंत असते. दररोज साधारण दोन ग्रॅम क्रिएटिनचे क्रिएटिनिनमध्ये रूपांतर होऊन ते मूत्रावाटे बाहेर पडते. ही झीज काही अंशी शरीर स्वतः भरून काढते. आर्जिनिन, ग्लायसिन आणि मेथिओनिन या अमिनो आम्लांपासून मूत्रपिंड व यकृत यांच्या सहकार्याने क्रिएटिन तयार होते. उरलेला भाग मांस व मासे यांतून मिळतो. डाळी, कडधान्ये, भाजीपाला यांत ते जवळजवळ नसते आणि दुधात अत्यल्प असते. म्हणून शाकाहारी व्यक्तींच्या स्नायूंतील क्रिएटिनचे प्रमाण मांसाहारी व्यक्तींपेक्षा कमी आढळते. मेंदूतील प्रमाणात मात्र असा फरक आढळलेला नाही. मेंदू बाहेरून येणाऱ्या क्रिएटिनवर फारसा अवलंबून नाही, असे यावरून दिसते. पुढील विवेचनात हा मुद्दा महत्त्वाचा ठरणार आहे.

स्नायू : पुरावा आणि त्याची अट

आधुनिक पूरक आहाराचा प्रारंभ १९९२ मधील हॅरिस, सोडरलुंड आणि हल्टमन यांच्या प्रयोगापासून मानला जातो. दररोज २० ते ३० ग्रॅम क्रिएटिन काही दिवस दिल्यास स्नायूंतील साठा वाढतो, हे त्यांनी दाखविले. ज्यांचा मूळ साठा कमी होता त्यांच्यात वाढ अधिक झाली. याच प्रयोगात आणखी एक निरीक्षण होते. काही व्यक्तींना एकाच पायाने व्यायाम करावयास सांगितले असता व्यायाम झालेल्या पायात क्रिएटिन अधिक साठले. म्हणजे व्यायामाची अट नंतर कोणी जोडलेली नाही. पदार्थ स्नायूत शिरण्याच्या प्रक्रियेशीच तिचा संबंध आहे. पुढे १९९६ मध्ये हल्टमन व सहकाऱ्यांनी दाखविले की, दररोज केवळ तीन ग्रॅम घेतल्यासही सुमारे महिनाभरात साठा तितकाच वाढतो. तरीही प्रारंभीच्या मोठ्या मात्रेचा सल्ला आजही सर्रास दिला जातो.

वृद्धांच्या संदर्भात सर्वाधिक उद्धृत होणारे काम म्हणजे चिलिबेक व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये केलेले एकत्रित विश्लेषण. २२ चाचण्यांतील ७२१ प्रौढ व वृद्ध व्यक्तींचा त्यात समावेश होता. ताकदीच्या व्यायामासोबत क्रिएटिन घेणाऱ्यांचे मेदरहित वस्तुमान केवळ व्यायाम करणाऱ्यांपेक्षा सरासरी १.३७ किलो अधिक वाढले. पायांची व छातीची ताकदही अधिक वाढली. हा निष्कर्ष नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याची रचना ध्यानात घेतली पाहिजे. येथे दोन्ही गट व्यायाम करीत होते. तुलना ‘व्यायाम अधिक क्रिएटिन’ आणि ‘व्यायाम अधिक निष्क्रिय चूर्ण’ यांच्यात होती. व्यायाम न करणाऱ्यांविषयी हे विश्लेषण काहीच सांगत नाही.

त्यांच्याविषयी सांगणारी चाचणी वेगळी आहे. ब्राझीलमधील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात हाडांची घनता कमी झालेल्या, रजोनिवृत्त अशा २०० स्त्रियांना दोन वर्षे दररोज तीन ग्रॅम क्रिएटिन अथवा निष्क्रिय चूर्ण देण्यात आले. ताकदीच्या व्यायामाचा कार्यक्रम त्यात नव्हता. दोन वर्षांनंतर स्नायूंचे वस्तुमान, स्नायूंची कार्यक्षमता व हाडांचे आरोग्य यांपैकी कशातही दोन्ही गटांत फरक आढळला नाही. वरील विश्लेषण आणि ही चाचणी एकत्र वाचली तरच क्रिएटिनचे खरे स्थान कळते.

मोजमापाचाही प्रश्न आहे. क्रिएटिन स्नायूंत पाणी ओढून घेते. मेदरहित वस्तुमान मोजणारे यंत्र पाण्याला वगळत नाही. ऑस्ट्रेलियात २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत व्यायामाचा कार्यक्रम सुरू करण्यापूर्वी एक आठवडा क्रिएटिन देऊन मोजमाप घेण्यात आले. तेव्हा सुमारे अर्ध्या किलोची वाढ दिसली. त्यानंतरच्या १२ आठवड्यांच्या व्यायामात मात्र क्रिएटिन घेणारे आणि न घेणारे यांची वाढ सारखीच झाली. हे सहभागी वृद्ध नव्हते, त्यामुळे हा निष्कर्ष वृद्धांना जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि, जुन्या अभ्यासांतील ‘वाढलेला स्नायू’ कितपत स्नायू होता आणि कितपत पाणी होते, ही शंका त्यामुळे रास्त ठरते. म्हणून वस्तुमानापेक्षा ताकदीच्या व हालचालींच्या नोंदींना अधिक महत्त्व देणे उचित होय.

युरोपीय संघाने या विषयात घेतलेली भूमिका या दृष्टीने अनुकरणीय वाटते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ मधील अभिप्रायानंतर २०१७ मध्ये क्रिएटिनविषयी एक आरोग्यदावा संमत झाला. त्याचा आशय असा की, दररोज क्रिएटिन घेतल्याने ५५ वर्षांवरील प्रौढांत ताकदीच्या व्यायामाचा स्नायूबलावरील परिणाम वाढू शकतो. त्यासोबत अटी आहेत : दररोज तीन ग्रॅम मात्रा, आठवड्यातून किमान तीन वेळा व्यायाम, तोही कित्येक आठवडे, वाढत्या भाराने आणि एकदाच जेमतेम उचलता येईल अशा कमाल वजनाच्या किमान ६५ ते ७५ टक्के भाराने. या वाक्यात कर्ता व्यायाम आहे आणि क्रिएटिन त्याचे साहाय्यक आहे. जाहिरातीत नेमका हाच क्रम उलटा होतो.

हाडे : लहान चाचणीचा मोठा आधार

हाडांविषयीचा दावा दोन चाचण्यांच्या तुलनेतून समजून घेता येतो. २०१५ मध्ये कॅनडातील चिलिबेक व सहकाऱ्यांनी ४७ रजोनिवृत्त स्त्रियांवर केलेली वर्षभराची चाचणी प्रसिद्ध झाली. व्यायामासोबत क्रिएटिन घेणाऱ्यांच्या मांडीच्या हाडाच्या मानेतील घनतेची घट १.२ टक्के, तर इतरांची ३.९ टक्के आढळली. म्हातारपणी पडल्यावर मोडणारे हाड बहुधा हेच असल्याने या निष्कर्षाचे महत्त्व उघड होते आणि त्याला प्रसिद्धीही मिळाली.

त्याच संशोधकांनी आपल्या निष्कर्षाची पुन्हा परीक्षा घेतली, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष देते. २३७ स्त्रिया, दोन वर्षांचा कालावधी, अधिक मात्रा, आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा व्यायाम आणि सहा दिवस चालणे असा विस्तृत आराखडा त्यांनी राबविला. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हाडांच्या घनतेवर क्रिएटिनचा परिणाम आढळला नाही. हाडाच्या भौमितिक रचनेच्या काही मोजमापांत आणि ८० मीटर चालण्याच्या वेळेत किंचित सुधारणा दिसली. लहान चाचणीत दिसलेला लाभ मोठ्या चाचणीत टिकला नाही, असा अनुभव वैद्यकीय संशोधनात वारंवार येतो. आजही अनेक लोकप्रिय लेखनांत २०१५ चा आकडा दिला जातो आणि २०२३ चा निष्कर्ष गाळला जातो. एका पुराव्याचा उल्लेख आणि त्याच्याच दुरुस्तीचे मौन हा वाङ्मयचौर्याइतकाच गंभीर दोष मानला पाहिजे.

मेंदू : आशेचा आणि पुराव्याचा हिशेब

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असते, पण विश्रांतीच्या अवस्थेत तो एकूण ऊर्जेपैकी जवळपास २० टक्के ऊर्जा वापरतो. त्याच्याही पेशींत क्रिएटिन व फॉस्फोक्रिएटिन असते. १९९४ मध्ये क्रिएटिन शरीरात तयारच होत नाही असा एक जन्मजात विकार प्रथम वर्णिला गेला. अशा बालकांची बौद्धिक वाढ खुंटते आणि क्रिएटिन दिल्यास सुधारणा होते. मेंदूला क्रिएटिन आवश्यक आहे याचा हा निर्विवाद पुरावा होय. परंतु ज्याच्याकडे नाही त्याला दिल्याने लाभ होतो, यावरून ज्याच्याकडे पुरेसे आहे त्याला आणखी दिल्याने लाभ होईल असे अनुमान निघत नाही. जीवनसत्त्वांच्या बाबतीत हीच तार्किक चूक आपण अनेकदा केली आहे.

बाहेरून घेतलेले क्रिएटिन रक्त आणि मेंदू यांमधील अडसर सहज ओलांडत नाही, ही दुसरी अडचण आहे. दररोज २० ग्रॅम मात्रा चार आठवडे दिल्यावर मेंदूतील क्रिएटिन सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास वाढल्याचे १९९९ मधील एका जर्मन अभ्यासात आढळले. ही मात्रा स्नायूंसाठी पुरेशा असलेल्या मात्रेच्या सहापटीहून अधिक आहे. तीन ग्रॅमच्या डब्यावर मेंदूचे चित्र छापताना हे अंतर सांगितले जात नाही.

बुद्धीवरील परिणामांबाबतही हाडांसारखीच कथा आहे. २००३ मध्ये सिडनी येथील कॅरोलाइन रे व सहकाऱ्यांनी ४५ तरुण शाकाहारी व्यक्तींना सहा आठवडे दररोज पाच ग्रॅम क्रिएटिन दिले. त्यांच्या कार्यस्मृतीत व तर्कबुद्धीच्या चाचणीत ठळक सुधारणा नोंदविली गेली. वीस वर्षांनी, २०२३ मध्ये, तीच मात्रा व तोच कालावधी ठेवून १२३ व्यक्तींवर चाचणी झाली. त्यांत शाकाहारी व मांसाहारी दोन्ही होते. तर्कबुद्धीच्या चाचणीत स्पष्ट लाभ दिसला नाही. उलट क्रमाने आकडे सांगण्याच्या चाचणीतील लाभ अल्प होता आणि संख्याशास्त्रीय कसोटीच्या उंबरठ्याशीच थांबला. शाकाहारी व्यक्तींना अधिक लाभ झाल्याचेही आढळले नाही. मेंदूतील क्रिएटिनचे प्रमाण आहारावर फारसे अवलंबून नसते, या पूर्वी सांगितलेल्या निरीक्षणाशी हे सुसंगत आहे.

वृद्धांवरील अभ्यास थोडे आहेत. २००७ मधील एका ब्रिटिश अभ्यासात आठवडाभर मोठ्या मात्रेने काही स्मृतिचाचण्यांत सुधारणा दिसली. २०१३ मध्ये ब्राझीलमध्ये ५६ वृद्ध स्त्रियांवर झालेल्या २४ आठवड्यांच्या चाचणीत, व्यायामासह अथवा व्यायामाविना, क्रिएटिनचा बौद्धिक क्षमतेवर परिणाम आढळला नाही. २०२३ मधील एका एकत्रित विश्लेषणाने ६६ ते ७६ वयोगटात स्मृतीला लाभ होत असल्याचे म्हटले. परंतु त्याचा आधार असलेल्या वृद्धांवरील चाचण्या संख्येने थोड्या व आकाराने लहान होत्या. या साऱ्याचा विचार करून युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये असा अभिप्राय दिला की, क्रिएटिन आणि बौद्धिक कार्यातील सुधारणा यांच्यात कार्यकारणसंबंध प्रस्थापित झालेला नाही. ज्या संस्थेने स्नायूंविषयीचा सशर्त दावा मान्य केला होता, तिनेच मेंदूविषयीचा दावा अमान्य केला. म्हणून तिच्यावर पूर्वग्रहाचा आरोप करता येत नाही.

स्मृतिभ्रंशाविषयी विशेष सावधगिरी आवश्यक आहे. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात अल्झायमरच्या २० रुग्णांना आठ आठवडे दररोज २० ग्रॅम क्रिएटिन देण्यात आले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मेंदूतील क्रिएटिन सुमारे ११ टक्के वाढल्याचे व काही चाचण्यांचे गुण सुधारल्याचे नोंदविले आहे. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तीच चाचणी पुन्हा दिल्याने गुण वाढणे शक्य असते आणि उपचाराच्या अपेक्षेनेही ते वाढू शकतात. अशा प्राथमिक अभ्यासाचा उपयोग पुढील चाचणीचा आराखडा ठरविण्यासाठी असतो; रुग्णाच्या कुटुंबाला सल्ला देण्यासाठी नसतो.

याउलट मोठ्या चाचण्यांचा अनुभव निराशाजनक आहे. उंदरांवरील प्रयोग आश्वासक होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात क्रिएटिन दिलेल्या उंदरांचे निरोगी आयुष्य सरासरी नऊ टक्के अधिक आढळले होते. परंतु पार्किन्सनच्या १७४१ रुग्णांवर अमेरिका व कॅनडात झालेली, दररोज दहा ग्रॅम मात्रेची दीर्घ चाचणी २०१३ मध्ये निष्फळ ठरून थांबवावी लागली. हंटिंग्टन विकाराच्या ५५३ रुग्णांवर ४० ग्रॅमपर्यंतच्या मात्रेची चाचणीही २०१४ मध्ये याच कारणाने थांबली. येथे एक आक्षेप न्याय्य आहे. हे रोग निदानाच्या वेळी बरेच पुढे गेलेले असतात. म्हणून निरोगी वृद्धाला लाभ होणारच नाही असे या चाचण्यांवरून सिद्ध होत नाही. ते मान्य केले तरी सिद्धतेचा भार दावा करणाऱ्यावर राहतो, शंका घेणाऱ्यावर नाही.

सुरक्षितता आणि क्रिएटिनिनचा घोटाळा

निरोगी प्रौढांत तीन ते पाच ग्रॅमची दैनंदिन मात्रा सर्वसाधारणपणे सुरक्षित आढळली आहे. वजनात थोडी वाढ आणि मोठ्या मात्रेने पोट बिघडणे हे नेहमीचे त्रास होत. मूत्रपिंड निकामी होते, ही लोकांतील भीती निरोगी व्यक्तींवरील चाचण्यांतून खरी ठरलेली नाही. त्यामुळे क्रिएटिनला विष ठरविणारा प्रचारही तितकाच अशास्त्रीय आहे.

तथापि, ‘निरोगी’ या शब्दाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना बहुतेक चाचण्यांतून आरंभीच वगळले जाते. आपल्याकडे साठीनंतर मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेली व्यक्ती अपवाद नसते आणि हे दोन्ही विकार मूत्रपिंडाला हानी पोहोचवतात. म्हणजे ज्यांच्यावर चाचण्या झाल्या ते आणि ज्यांना डबा विकला जातो ते लोक एकच नाहीत.

याहून नाजूक प्रश्न रक्ततपासणीचा आहे. मूत्रपिंडाचे कार्य सामान्यतः रक्तातील क्रिएटिनिनवरून अजमावले जाते. क्रिएटिन घेतल्याने मूत्रपिंड चांगले असूनही हा आकडा वाढू शकतो. अशा व्यक्तीने डॉक्टरांना पुरकाविषयी सांगितले नाही तर नसलेल्या रोगाचे निदान, अनावश्यक तपासण्या आणि चालू औषधांत बदल असे सारे घडू शकते. उलट, स्नायू झिजलेल्या कृश वृद्धाचे क्रिएटिनिन मुळातच कमी असते आणि त्यामुळे बिघडलेले मूत्रपिंडही अहवालात चांगले दिसू शकते. शंका असल्यास सिस्टॅटिन-सी या वेगळ्या तपासणीचा आधार घेता येतो. क्रिएटिन घेणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाने ही गोष्ट आपल्या डॉक्टरांना सांगणे अगत्याचे आहे.

आपल्या समाजाच्या संदर्भात

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या अहवालात निरोगी वार्धक्याची व्याख्या रोगाच्या अभावाने केलेली नाही. माणसाला जे करणे मोलाचे वाटते ते करता येण्याची क्षमता टिकणे, हा तिचा गाभा आहे. आपल्या घरात ही क्षमता ओळखण्यासाठी यंत्राची गरज नाही. जमिनीवर मांडी घालून बसता येणे, हात न टेकता उठता येणे, पाण्याने भरलेली बादली उचलता येणे, बसच्या उंच पायरीवर चढता येणे ही तिची रोजची परिमाणे आहेत.

या दृष्टीने पाहता आपल्या ज्येष्ठांच्या जीवनातील खरी उणीव वेगळीच दिसते. सकाळी फिरायला जाणे, योगासने, हास्यक्लब या चांगल्या प्रथा रुजल्या आहेत. परंतु स्नायूंवर क्रमाने भार वाढविणारा व्यायाम साठीनंतर, विशेषतः स्त्रियांनी, करावयाचा असतो ही कल्पनाच फारशी रुजलेली नाही. जोर-बैठकांची आणि तालमीची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात तो व्यायाम तरुण पुरुषांचाच मानला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरील व्यक्तींनीही आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत असे म्हटले आहे. खुर्चीवरून पुन्हा पुन्हा उठणे-बसणे या व्यायामाला खर्च येत नाही. तो विकता येत नाही म्हणूनच कदाचित त्याची जाहिरात होत नाही.

शाकाहारी ज्येष्ठांच्या बाबतीत एक गोष्ट न्यायाने नोंदविली पाहिजे. त्यांच्या स्नायूंतील मूळ साठा कमी असल्याने पुरकाने होणारी वाढ अधिक असू शकते. नियमित ताकदीचा व्यायाम करणाऱ्या, पुरेशी प्रथिने घेणाऱ्या आणि मूत्रपिंड निरोगी असलेल्या शाकाहारी ज्येष्ठाने डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन ग्रॅम क्रिएटिन घेणे अवाजवी म्हणता येणार नाही. परंतु ज्याच्या ताटात डाळच पातळ आहे त्याने आधी डाळ दाट करावी, हे सांगावयास संशोधनाची गरज नाही.

स्मृतिभ्रंशाविषयीच्या भीतीचाही विचार केला पाहिजे. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागाने झालेल्या वार्धक्यविषयक राष्ट्रीय सर्वेक्षणाशी संलग्न अभ्यासाने २०२३ मध्ये असा अंदाज मांडला की, भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. अल्पशिक्षित, ग्रामीण आणि स्त्रिया यांत हे प्रमाण अधिक आहे. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाशी निगडित व बदलता येण्याजोगे १४ घटक दिले आहेत. अपुरे शिक्षण, श्रवणदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दृष्टिदोष, एकाकीपणा हे त्यांतील काही होत. या यादीत क्रिएटिनचा अभाव नाही. ज्या घरात आजोबांचे श्रवणयंत्र ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून राहिले आहे, त्या घरात दरमहा पुरकाचा डबा येत असेल तर खर्चाचा क्रम चुकला आहे.

कायद्याची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. भारतात अशी पूरके अन्नसुरक्षा कायद्याखाली येतात, औषधांच्या कायद्याखाली नव्हे. डब्यावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा आशयाची सूचना असते, ती बारीक अक्षरात. आणि मोठ्या अक्षरांतील मजकूर नेमका उलट सुचवीत असतो. औषधाला बाजारात येण्यापूर्वी जी परीक्षा द्यावी लागते ती पुरकाला द्यावी लागत नाही, हे ग्राहकाला ठाऊक नसते.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. ताकदीच्या नियमित व्यायामाला जोड म्हणून क्रिएटिन वृद्धांच्या स्नायूबलात काहीशी भर घालते, हा दावा पुराव्याने समर्थित आहे. व्यायामाविना ते उपयोगी पडत असल्याचे दोन वर्षांच्या चाचणीत आढळलेले नाही. हाडांच्या घनतेविषयीचा आरंभीचा लाभ मोठ्या चाचणीत टिकलेला नाही. मेंदूविषयीचा दावा आज आशेच्या पातळीवर आहे. मोठ्या आणि दीर्घ चाचण्या होईपर्यंत तो तेथेच ठेवला पाहिजे.

या विषयात महाविद्यालयांना करता येण्याजोगे काम आहे. शारीरिक शिक्षण विभागाने परिसरातील ज्येष्ठ नागरिक संघांसाठी ताकदीच्या व्यायामाचे वर्ग चालवावेत. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना २००३ आणि २०२३ च्या चाचण्या शेजारीशेजारी ठेवून वाचावयास द्याव्यात. भाषाविभागाने डब्यांवरील मजकुरातील ‘साहाय्य करू शकते’ आणि ‘करते’ यांतील अंतर विद्यार्थ्यांना दाखवावे. आणि आपण अध्यापकांनी, सहकाऱ्याने क्रिएटिन घ्यावे काय असे विचारले असता, उत्तरादाखल आधी एक प्रश्न विचारावा : आपण आठवड्यातून किती दिवस ताकदीचा व्यायाम करता? त्याचे उत्तर ‘एकही दिवस नाही’ असे असेल, तर मूळ प्रश्नाचे उत्तर त्यातच मिळाले आहे.